तेराव्या वर्षी करार, अठराव्या वर्षी यश: मधल्या पाच वर्षांत शकीराने काय केलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी चौदा वर्षांची आहे, चांगली गाते. तुम्ही तिची दोन गाणी स्टुडिओत रेकॉर्ड करून प्रसिद्धही केलीत, पण ती चालली नाहीत. कोलंबियाची पॉप गायिका शकीरा हिला तेराव्या वर्षी सोनी या संगीत कंपनीने करारबद्ध केलं हे वाचल्यापासून आपल्याला उशीर होतोय, अशी धास्ती तुम्हाला लागली आहे. आणि इतक्या लहान वयात तिला हे साधलं ते आवाजामुळे, नशिबामुळे की कंपनीमुळे, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

उशीर अजिबात झालेला नाही, हे आधी सांगून टाकतो. ज्या कराराची तुम्हाला धास्ती वाटते, त्या करारातले शकीराचे पहिले दोन्ही अल्बम पडले. ती गाजली तिसऱ्याने, आणि तोवर ती अठरा वर्षांची झाली होती. मी बरीच वर्षं मुंबईच्या स्टुडिओंमध्ये संगीत संयोजन केलं, पुढे नवे आवाज ऐकून निवडण्याचं कामही केलं. माझ्या मते, शिकण्यासारखं जे आहे ते सगळं तेरा ते अठरा या मधल्या काळात आहे, आणि नेमका तोच काळ तिची गोष्ट सांगताना लोक दोन ओळींत उरकतात.

शकीराचा जन्म २ फेब्रुवारी १९७७ चा, कोलंबियातल्या बारांकियाचा. माग्दालेना नदी कॅरिबियन समुद्राला मिळते तिथलं हे बंदराचं शहर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनकडची माणसं याच बंदरात उतरली आणि तिथलीच होऊन गेली. शकीराचे वडील विल्यम मेबारक याच लेबनीज वंशाचे, न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले. आई निदिया रिपोल कोलंबियाची. घरात अरबी गाणी, रस्त्यावर कुंबिया हे तिथलं नाचाचं संगीत आणि कार्निव्हलचे ढोल, रेडिओवर इंग्रजी रॉक. चार वर्षांची असताना वडील तिला एका अरबी खानावळीत घेऊन गेले, तिथे दरबुका हा अरबी हातढोल वाजायला लागल्यावर ही पोर उठून नाचायला लागली, असं ती स्वतः सांगत आली आहे. पुढे शाळेतही ती तिच्या नाचासाठीच ओळखली जायची.

पण नाचाइतकंच लिहिणंही लहानपणापासून होतं. वडील लिहायला बसायचे ते पाहून तिने टाइपरायटरचा हट्ट धरला, आणि तो तिला सातव्या वर्षी मिळाला. आठव्या वर्षी तिने पहिलं गाणं केलं. त्यामागे घरातलं दुःख होतं. ती दोन वर्षांची असताना तिचा मोठा सावत्र भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला, आणि वडील त्यानंतर कित्येक वर्षं काळा चष्मा लावून वावरत. पहिलं गाणं त्या चष्म्यावर होतं. आठ वर्षांच्या मुलीला दुःखावर थेट लिहिता येत नाही. तिला चष्मा दिसतो, म्हणून ती चष्म्यावर लिहिते. मोठ्या भावनेला हाताशी असलेल्या वस्तूतून धरायची ही तिची सवय पुढे तिच्या प्रत्येक चांगल्या गाण्यात दिसते. ते लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

त्याच सुमारास वडिलांचा धंदा बुडाला. तिला काही दिवस लॉस एंजेलिसला ओळखीच्या घरी पाठवलं होतं. परत आली तर गाड्या विकलेल्या, रंगीत टीव्हीच्या जागी कृष्णधवल टीव्ही, एसी जाऊन पंखा. ती खट्टू झाली तेव्हा वडील तिला एका बागेत घेऊन गेले आणि तिथे राहणारी, नशेसाठी गोंद हुंगणारी अनाथ मुलं दाखवली. आपली अवस्था किती बरी आहे, हे तिला कळावं म्हणून. त्या मुलांची आठवण पुढे काय झाली ते तुम्हाला कदाचित ठाऊक असेल: १९९७ मध्ये, जेमतेम वीस वर्षांची असताना, तिने गरीब मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि तिला आपल्या गाजलेल्या ‘पिएस देस्काल्सोस’ या अल्बमचंच नाव दिलं.

आता आवाजाबद्दल, कारण तुम्ही तोच आधी विचारलात. शाळेच्या समूहगानात तिला घेतलं नाही. बाईंचं म्हणणं, हिच्या आवाजाला कंप फार आहे. वर्गातली मुलं म्हणायची, शेळीसारखी ओरडते. हा किस्सा सगळीकडे ‘बघा, बाई कशा चुकल्या’ म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. समूहगानात वीस आवाज मिळून एक व्हायला हवेत, आणि ज्याचा कंप रुंद आणि ठळक आहे तो आवाज सगळ्यांत वेगळा निघतो, चादरीवर पडलेल्या गाठीसारखा. बाईंनी त्यांच्या कामापुरतं बरोबर ऐकलं होतं. फक्त एकल गायनात तीच गोष्ट ओळख ठरते. तिचा खालचा आवाज जाडसर, छातीतून येणारा. वर जाताना तो मध्येच फुटतो आणि डोक्यातल्या पातळ आवाजात उडी घेतो. बहुतेक गायक हा सांधा लपवायला वर्षानुवर्षं रियाज करतात. तिने तो उघडा ठेवला. रेडिओवर दोन शब्द ऐकले की कोण गातंय ते कळतं, आणि कंपनीत बसून शेकडो डेमो ऐकणाऱ्या माणसाला याची किंमत विचारा. सुरेल आवाज रोज येतात. ओळखू येणारा आवाज वर्षातून एखादा येतो.

दहा ते तेरा या वयात ती बारांकियातल्या कार्यक्रमांमधून, स्पर्धांमधून गात होती. तिथल्या रंगभूमीवरच्या निर्मात्या मोनिका आरिसा यांनी तिला पाहिलं होतं. बारांकियाहून बोगोताला जाणाऱ्या विमानात त्यांची सोनी कोलंबियाच्या सिरो वार्गास यांच्याशी गाठ पडली, आणि एकदा या मुलीला ऐकाच, असा त्यांनी आग्रह धरला. वार्गास यांनी तिला एका हॉटेलच्या लॉबीत ऐकलं, त्यांना ती आवडली, त्यांनी ध्वनिफीत वरिष्ठांना दिली. वरिष्ठांना ती आवडली नाही. इथे बहुतेक गोष्टी संपतात. वार्गास यांनी मात्र बोगोतात तिचं गाणं थेट सगळ्या अधिकाऱ्यांसमोर ठेवलं. तिने तीन गाणी गायली आणि तीन अल्बमचा करार झाला. नशीब म्हणायचं तर ते इथे आहे. पण हे नशीब विमानातल्या भेटीपुरतंच होतं. त्याआधीची तीन वर्षं ती गावातल्या रंगमंचावर उभी होती म्हणूनच विमानात तिचं नाव निघालं.

‘माखिया’ हा पहिला अल्बम १९९१ मध्ये आला. आठव्या ते तेराव्या वर्षादरम्यान तिने स्वतः केलेली गाणी त्यात होती. विक्री जेमतेम हजाराच्या आसपास. कारण ऐकताना कळतं. गाणी मुलीची आहेत, पण भोवतीचा वाद्यमेळ त्या काळी लॅटिन पॉपमध्ये कुणालाही शिवून दिला जायचा तसला: सिंथेसायझर, ड्रम मशीन, सगळं गुळगुळीत. तिच्या आवाजातला जो सांधा मी वर सांगितला, तो त्यात बुजून जातो. चौदा वर्षांच्या मुलीला स्टुडिओत ‘हे असं नको’ म्हणता येत नाही. निर्माता वयाने तिप्पट, तासाचं भाडं चालू, काचेपलीकडे चार मोठी माणसं. मी त्या काचेच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. मुलं होकार देतात आणि घरी जाऊन रडतात.

१९९३ चा ‘पेलिग्रो’ हा दुसरा. जास्त सफाईदार, वयाने मोठ्या गायिकेला शोभेल असा. तोही पडला. पण या वेळी एक वेगळी गोष्ट घडली: तो अल्बम तिला स्वतःला पटला नाही आणि त्याच्या प्रसिद्धीसाठी फिरायला तिने नकार दिला. सोळा वर्षांच्या मुलीने. त्याच वर्षी फेब्रुवारीत चिलीतल्या विन्या देल मारच्या महोत्सवात तिने आपलंच ‘एरेस’ हे गाणं गाऊन तिसरा क्रमांक मिळवला होता. त्या महोत्सवाचे प्रेक्षक न आवडलेल्या कलाकाराला शिट्ट्या मारून खाली उतरवतात, इतके कडक. त्यांना तिथे ‘राक्षस’च म्हणतात. परीक्षकांमध्ये गायक रिकी मार्टिन होता. म्हणजे एकाच वर्षात तिला दोन गोष्टी कळल्या: आपण लिहिलेलं गाणं, आपण उभं राहून गायलं तर हजारो लोक ऐकतात, आणि कंपनीने बेतलेला आपला अल्बम कुणी ऐकत नाही. माझ्या मते तिच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचा निर्णय या वर्षी झाला. पुढे हे दोन्ही अल्बम पुन्हा बाजारात येऊ नयेत अशीच तिची इच्छा राहिली.

मग ती थांबली. शाळा पूर्ण केली. बोगोताला राहायला गेली आणि ‘एल ओआसिस’ नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेत काम केलं. आर्मेरो हे गाव १९८५ मध्ये ज्वालामुखीच्या चिखलाखाली गाडलं गेलं होतं, त्या घटनेच्या पार्श्वभूमीवरची ती मालिका. हा काळ चरित्रांमध्ये ‘विश्रांती’ म्हणून येतो. मला तो तसा दिसत नाही. त्या दीडेक वर्षात तिच्याभोवती कोलंबियाचं संगीतच बदलत होतं.

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण एकट्या गायिकेच्या जिद्दीवर सगळं श्रेय टाकलं की ही हवा दिसत नाही. तिचे पहिले दोन अल्बम आले तेव्हा कोलंबियात पाब्लो एस्कोबार या कोकेन तस्कराचं प्रकरण धगधगत होतं. डिसेंबर १९९३ मध्ये तो मारला गेला. जगाला कोलंबिया म्हटलं की बॉम्ब आणि कोकेन एवढंच ठाऊक होतं. त्याच १९९३ मध्ये सांता मार्ताच्या कार्लोस विवेसने उत्तर किनारपट्टीची जुनी वायेनातो गाणी इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सच्या जोडीने पुन्हा गायली. अकॉर्डियन, काखा नावाचा ढोल, ग्वाचाराका नावाची घासून वाजवायची काठी, सगळं तसंच ठेवून. तो अल्बम तुफान चालला आणि कोलंबियातल्या कंपन्यांना पहिल्यांदा उमगलं की बाहेरची नक्कल करण्यापेक्षा आपला आवाज विकला जातो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायामीहून एमटीव्हीची लॅटिन अमेरिकेसाठीची वाहिनी सुरू झाली. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या तरुणांना एकाच दिवशी एकच व्हिडिओ दिसू लागला. स्पॅनिश रॉकला देशांच्या सीमा उरल्या नाहीत. १९९१ मध्ये ही वाट नव्हतीच. १९९५ मध्ये ती तयार होती आणि तिच्यावर चालायला तिच्याजवळ गाणी होती.

सोनी कोलंबियाने ‘नुएस्त्रो रॉक’ म्हणजे ‘आपलं रॉक’ नावाचा एक संग्रह काढला. त्यात शकीराचं एक गाणं होतं: ‘दोन्दे एस्तास कोरासोन’, हृदया, तू कुठे आहेस. संग्रहातलं तेच गाणं गाजलं. एका गाण्यापुरती जोखीम होती, कुणाचं फार लक्ष नव्हतं, आणि म्हणूनच बहुधा तिला हवं तसं करता आलं. त्या यशाच्या बळावर कराराच्या तिसऱ्या अल्बमच्या वेळी तिला मोकळीक मिळाली. सोबत बोगोताचा गिटारवादक आणि संगीतकार लुईस फेर्नांदो ओचोआ. दोघांनी मिळून निर्मिती केली, आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘पिएस देस्काल्सोस’ आला. अनवाणी पाय, असा अर्थ.

पहिलंच गाणं, ‘एस्तोय आकी’, मुलीला घेऊन ऐका. सुरुवातीला नुसती अकूस्टिक गिटार, आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा. ड्रम्स येतात ते हळूहळू. ध्रुपदात पोचल्यावर शब्द एकदम दाटीवाटीने येतात: फोटो, वह्या, वस्तू, आठवणी, एकामागोमाग, श्वास घ्यायला जागा न ठेवता. गायला बसलात तर दम लागेल. ही चूक नाही, मुद्दाम केलेली बांधणी आहे; जो माणूस परत येणार नाही हे ठाऊक आहे त्याच्या सामानात बसून गुदमरलेल्या मुलीचं ते गाणं आहे, आणि गाणाराही खरोखर गुदमरतो. नीट व्यावसायिक कान असलेला एखादा निर्माता इथे नक्की म्हणाला असता, दोन शब्द काढ, लोकांना गुणगुणता येणार नाही. लोकांनी ते पाठ केलं. अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ या संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय लॅटिन गाण्यांच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. आणि आठव्या वर्षीचा तो काळा चष्मा आठवा: फोटो आणि वह्या ही त्याच सवयीची पुढची पायरी आहे.

त्याच अल्बममध्ये समाजाच्या नियमांवर चिडलेलं शीर्षकगीत आहे, आणि शेवटाकडे एक गाणं गर्भपातात जीव गमावणाऱ्या तरुण मुलीचं आहे. कॅथलिक देशात, अठरा वर्षांच्या गायिकेने, पॉप अल्बममध्ये. ‘माखिया’च्या वेळी हे कुणी होऊ दिलं नसतं. अल्बम लाखोंनी खपला, ती देशोदेशी फिरली, ब्राझीलमध्ये तर इतकी आवडली की तीन गाणी पोर्तुगीजमध्ये पुन्हा गायली.

त्यानंतरचं भराभर सांगतो. पुढच्या अल्बमसाठी एमिलिओ एस्तेफान यांच्यासारखा मायामीतला बडा निर्माता पाठीशी आला. गाण्यांच्या कागदांची सूटकेस बोगोताच्या विमानतळावर चोरीला गेली, तिने सगळं पुन्हा लिहिलं, आणि १९९८ च्या त्या अल्बमला नाव दिलं ‘दोन्दे एस्तान लोस लाद्रोनेस’, चोर कुठे आहेत. त्यातल्या ‘ओखोस आसी’मध्ये स्पॅनिशच्या जोडीला अरबी ओळी आल्या, वडिलांच्या घरातला दरबुका आला. १९९९ मध्ये न्यूयॉर्कला एमटीव्ही अनप्लग्डचा कार्यक्रम झाला. त्या ध्वनिमुद्रणाला २००१ मध्ये ग्रॅमी मिळालं. १९९९ मध्येच कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांनी तिच्यावर लेख लिहिला. तरुण पत्रकार म्हणून बारांकियात दिवस काढलेल्या नोबेल विजेत्याने त्याच गावच्या पॉप गायिकेवर लिहावं, यावरून तिचं देशातलं स्थान समजा. इंग्रजी अल्बम आला तो नोव्हेंबर २००१ मध्ये. इंग्रजी गाणी दुसऱ्यांकडून आयती घेण्याऐवजी ती भाषेत लिहायला शिकली आणि मग लिहिलं. आपण तिला ओळखलं ते इथपासून. मार्च २००७ मध्ये ती मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात गायली तेव्हा जमलेल्या बहुतेकांसाठी ती नाचणारी तारका होती. मला याची खंत वाटते, कारण तिच्यातली लेखिका आपल्याकडे कुणी ऐकलीच नाही.

आता तुमच्या मुलीकडे वळतो. तुम्ही लिहिलंय की दोन्ही गाण्यांची चाल एका संगीतकाराची, शब्द दुसऱ्याचे, विषयही त्यांनीच निवडला. म्हणजे पडलं ते त्यांचं गाणं; तुमच्या मुलीचं गाणं लोकांनी अजून ऐकलेलंच नाही. तिला लिहू द्या. सुरुवातीला बाळबोध असेल, असू द्या. यमक जुळवायला कुणा मोठ्याला बसवू नका. तिच्या आवाजात काही खटकत असेल, कंप, घोगरेपणा, सांधा, तर तो घालवायच्या आधी चांगल्या गुरूंकडून एवढंच तपासून घ्या की त्याने गळ्याला इजा होत नाही ना. इजा होत नसेल तर राहू द्या. शाळा सोडवू नका. वर्षाला एक गाणं प्रसिद्ध करण्यापेक्षा वर्षभर गणेशोत्सवाच्या मंडपात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, जिथे लोक उठून जाऊ शकतात अशा ठिकाणी तिला गाऊ द्या. कोणत्या ओळीला माणसं मान वर करतात हे तिथेच कळतं; प्रसिद्ध केलेल्या गाण्याखालच्या आकड्यांवरून कळत नाही.

कधी कंपनीकडून विचारणा आलीच तर एक व्यवहाराची बाब. आपल्याकडे अठरा वर्षांखालच्या मुलीने स्वतः केलेला करार कायद्याने टिकत नाही, त्यामुळे सही पालक म्हणून तुमची असेल आणि जबाबदारीही तुमचीच. किती गाणी, किती वर्षं, यापेक्षा गाणी कोण निवडणार हे कलम आधी वाचा. एक गाणं पडलं की मोकळं करणारा करार मला मुलांसाठी बरा वाटत नाही. शकीराला तीन अल्बमची मुदत होती म्हणून तिसरा निघाला. आणि तिने स्वतः लिहिलेली, चाल लावलेली गाणी असतील तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवला आहे. तो कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही. म्हणून ती आत्ता वहीत जे खरडते आहे ते फेकू नका, तारीख घालून जपून ठेवायला सांगा, आणि सहीच्या आधी करार या विषयातल्या वकिलाला दाखवा, ओळखीतल्या कुणाला नव्हे.